बांगडा ओळखणाऱ्यांसाठी सुशी: कुठे बसावं, काय मागवावं, कसं खावं

आमच्या वेंगुर्ल्याच्या बाजारात मासे घ्यायला गेलेल्या बाईला कोणी फसवून दाखवावं. कल्ला उचलून लाली बघायची, डोळा फुगीर आहे की खोल गेलाय ते बघायचं, बोटानं दाबून खळगा राहतो का ते बघायचं, आणि मग भाव करायला तोंड उघडायचं. साठ वर्षं हेच केलेली माझी आते डिसेंबरात गोव्यात सुशीच्या टेबलावर बसली आणि पाच मिनिटं गप्प होती. समोरच्या ताटलीत कल्ला नाही, डोळा नाही, शेपटी नाही, काटासुद्धा नाही. शेवटी मला कोपरानं ढोसून म्हणाली, "गो, ह्येचा तोंड खय आसा?"

प्रश्न बरोबर होता. तोंड नसलेल्या माशाची पारख कशी करायची, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. सिंधुदुर्गातल्या माणसाला गोवा जवळ आहे, आणि तिथल्या किनाऱ्याकडच्या भागात आता सुशी, म्हणजे भात आणि बहुधा कच्चा मासा यांचा जपानी पदार्थ, मिळते. रायगडकर मुंबई गाठतात. जाऊ का, हा प्रश्न उरलेला नाही. गेल्यावर काय करायचं, एवढंच सांगते.

आधी एक समजूत घरी ठेवून जा

मासा ताजा असला की कच्चा खाता येतो, ही ती समजूत. किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाच्या डोक्यात ती खोल बसलेली असते. आमच्या भाच्याच्या डोक्यातही होती. मालवणात काही खानावळींत आपण नेलेला मासा रांधून देतात, म्हणून त्यानं सकाळी जेटीवरून घेतलेली सुरमई बर्फात घालून सोबत नेली आणि शेफला म्हणाला, हिची सुशी करून द्या. सुरमई नुसती लखलखत होती. शेफ मणिपूरचा, हसरा माणूस. त्यानं मासा बघितला, छान आहे म्हणाला आणि परत पिशवीत घातला. "घरी नेऊन तळा. मी हा कच्चा देणार नाही."

भाच्याला राग आला, पण शेफचं बरोबर होतं. समुद्रातल्या बऱ्याच माशांच्या पोटात बारीक जंत असतात. अनिसाकिस हे त्यांतलं सगळ्यात कुप्रसिद्ध नाव. मासा मेला आणि साफ न करता पडून राहिला की ते आतड्यांतून मांसात शिरू शकतात. कढीत उकळल्यावर किंवा तव्यावर नीट भाजल्यावर ते मरतात, म्हणून आपल्या आज्यांना त्यांची कधी फिकीर करावी लागली नाही. कच्चा खायचा तर त्यांना मारायचा उपाय म्हणजे गोठवणं. उणे 20 अंशांवर सात दिवस, किंवा उणे 35 अंशांवर गोठवून तिथेच पंधरा तास, हे अमेरिकेच्या अन्न प्रशासनाचे आकडे जगभर वापरात आहेत. घरच्या फ्रीजचा वरचा कप्पा या कामाचा नाही. तो मुळात जेमतेम उणे 18 ला पोचतो, त्यात पावसाळ्यात आपल्याकडे लाईट किती वेळा जाते ते मी सांगायला नको.

म्हणजे गंमत अशी की सुशीच्या दुकानातला चांगला मासा बहुधा आज सकाळचा नसतो. तो नीट गोठवून, नीट वितळवलेला असतो. मोठ्या जातीचे ट्युना आणि पेंडीवर वाढवलेला पाळीव सामन (म्हणजे सॅल्मन मासा) यांत जंतांचा धोका कमी, म्हणून त्यांना त्या नियमात सूट आहे. बाकीच्यांना नाही. "ताजा आहे का?" असं विचारलंत तर सगळीकडे "हो" असंच उत्तर मिळेल. विचारायचं ते हे: "कच्चा देता तो मासा कुठून येतो, आणि गोठवलेला असतो का?" ज्याला कामाची माहिती आहे तो शेफ चटकन, न ओशाळता सांगतो. ज्याला नाही तो म्हणतो, "एकदम फ्रेश, मॅडम, आजचाच." अशा ठिकाणी भाजलेलं-तळलेलं खावं आणि निघावं.

मासा मारायच्या पद्धतीचाही फरक आहे. जपानात भारी मासा पकडल्याबरोबर मेंदूत सळई घालून मारतात, रक्त काढतात, कण्यातून तार फिरवतात. या पद्धतीला इकेजिमे म्हणतात. त्यानं मांस घट्ट आणि स्वच्छ चवीचं राहतं. आपल्या ट्रॉलरवर मासा जाळ्यात गुदमरून मरतो आणि मग बर्फाखाली जातो. तिखलं करायला तो उत्तमच, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. काम वेगळं, एवढंच.

कधी जावं

जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा सुशीही बंद असेल असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. सामन नॉर्वेसारख्या थंड देशांतून येतो, आपल्या बंदीशी त्याचं देणंघेणं नाही. पण पावसात गोव्यातली गर्दी ओसरते, माल हलत नाही, लाईटचा भरवसा नसतो. मी तरी नोव्हेंबर ते फेब्रुवारी जाते, दुपारी उघडल्या-उघडल्या किंवा संध्याकाळी सातच्या आत. भरलेलं दुकान बघून जावं, हा खानावळीचा नियम इथेही लागू.

मेनूकार्ड हातात आल्यावर पानं मोजा. सुशी, पिझ्झा, बटर चिकन आणि चायनीज एकाच कार्डावर असेल तर कच्च्या माशाच्या वाटेला जाऊ नका. दहा-बारा प्रकारचे मासे आणि त्यांतलं "आज हे नाही" असं सांगणारा वेटर, हे चांगलं लक्षण. आपल्याकडे खानावळीत फळ्यावर "सारंगा संपला" लिहिलेलं असतं ना, तसंच. बाराही महिने सगळंच मिळतं तिथे सगळं फ्रीजरमध्ये पडून आहे असं समजा. आणि अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर भिंतीवर लावलेला असतो, तो एकदा बघून घ्यावा. बघायला पैसे पडत नाहीत.

कुठे बसावं आणि काय बघावं

टेबल घेऊ नका, काउंटरला बसा. शेफ समोर कापत असतो, आणि तोंड नसलेल्या माशाची पारख तिथूनच होते.

पहिली परीक्षा नाकाची. सुकी मासळी नाही, खाडीचा दर्प नाही. तांदळाच्या व्हिनेगरचा हलका आंबूस वास तेवढा यावा. काउंटरवरच्या काचेच्या थंड पेटीत माशाचे चौकोनी ठोकळे असतात. त्यांच्या कडा वाळलेल्या नसाव्यात, खाली पाणी साचलेलं नसावं. रंगाला मात्र भुलू नका. ट्युना म्हणजे आपल्या कुप्याचा भाऊबंद. त्याचा तुकडा हवेत ठेवला की तपकिरी होतो, म्हणून काही व्यापारी त्याला कार्बन मोनॉक्साइड देऊन लाली टिकवतात. कलिंगडासारखा लालभडक, सगळीकडे एकसारखा तुकडा दिसला तर हुरळू नका. कल्ल्याची लाली आणि या तुकड्याची लाली यांचा अर्थ एक नाही.

मग शेफचे हात. कापायची पाटी आणि सुरी तो दर खेपेला पुसतो का? कच्च्याला लावलेला फडका शिजलेल्याला लावतो का?

आणि सगळ्यात मोठी परीक्षा भाताची. सुशी या शब्दाचा अर्थ कच्चा मासा असा नाहीच. सुशी म्हणजे व्हिनेगर, साखर आणि मीठ लावलेला भात, आणि त्याच्या सोबतीला काहीही: मासा, अंडं, काकडी. भाताशिवाय नुसते कच्चे काप आले तर ते साशिमी. भात जपानी, आखूड दाण्याचा, चिकट. आपल्या उकड्या तांदळाच्या अगदी उलट स्वभावाचा. तो अंगाइतका कोमट लागला पाहिजे, दाणा दाण्याला धरून असावा पण लगदा नसावा. थंडगार आणि कडक लागला तर तो केव्हाचा करून फ्रीजमध्ये ठेवलेला आहे. शिळा भात ओळखायला कोकणी माणसाला कुणी शिकवायला नको. पहिला घास भातासाठी खा, मासा मागून.

हा भात आला कुठून, तेही ऐकण्यासारखं आहे. मूळची सुशी म्हणजे खारवलेला मासा भातात दाबून महिनोन्‌महिने आंबवायचा, खाताना भात फेकून मासा खायचा. बिवा सरोवराकाठी फुनाझुशी नावानं ती अजून करतात. आपण बांगडे मिठात भरून ठेवतो, त्यातलाच प्रकार. पुढे 1820 च्या दशकात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, हानाया योहेई नावाच्या माणसानं ताज्या भाताच्या मुटक्यावर माशाचा काप ठेवून विकायला सुरुवात केली, असं मानतात. फ्रीज नव्हते, त्यामुळे तेव्हाचा मासा बहुतेक वेळा मिठात, व्हिनेगरमध्ये किंवा सोया सॉसमध्ये मुरवलेला किंवा उकडलेला असे. रस्त्यावर उभ्या उभ्या, हातानं खायचा तो खाऊ होता. वडापावासारखा म्हणा ना.

काय मागवावं

कार्डावरची नावं बघून गांगरू नका, पाच-सहा शब्द कळले की पुरे. निगिरी म्हणजे भाताचा लांबट मुटका आणि वर काप. बहुतेक ठिकाणी एका प्लेटीत दोन येतात. माकी म्हणजे नोरी या समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यात गुंडाळून कापलेली वळी, सहा किंवा आठ तुकडे. भात बाहेर आणि नोरी आत असली की उरामाकी. तेमाकी हा हातात धरायचा कोन. गुंकान म्हणजे नोरीची छोटी होडी आणि आत बहुधा गाबोळी. तोबिको ही उडणाऱ्या माशाची गाबोळी, इकुरा सामनची. गाबोळी तळूनच खाल्लेल्या माणसाला इकुराचा मोठा नारिंगी दाणा तोंडात फुटताना दचकायला होतं. आतेला तेच सगळ्यात आवडलं.

कच्चं खायची मनाची तयारी नसेल तर शिजलेल्यापासून सुरुवात करा आणि लाजू नका. एबी म्हणजे उकडलेली कोळंबी. उनागी म्हणजे गोड्या पाण्यातली वाम, गोडसर सॉस लावून भाजलेली. ती नेहमी शिजलेलीच असते. तामागो म्हणजे अंड्याची गोड पोळी. कॅलिफोर्निया रोलमध्ये जो "खेकडा" असतो तो बहुतेक ठिकाणी खेकडा नसतोच, माशाच्या धुतलेल्या मांसाचा लगदा, म्हणजे सुरिमी असते. आपला राणी मासा सुरिमीसाठी मोठ्या प्रमाणावर वापरतात, आणि ती बनवून जगभर पाठवणारी गद्रे मरीन ही कंपनी रत्नागिरीची. तेव्हा गोव्यातल्या जपानी ताटलीत रत्नागिरीचा मासा आला तर नवल नको.

ओळखीचं काही हवं असेल तर "साबा" आहे का विचारा. साबा बांगड्याच्या कुळातला. मीठ लावून, मग व्हिनेगरमध्ये मुरवून देतात. आतेनं एक घास घेतला, डोळे मिटले आणि जाहीर केलं, "हो तर बांगडोच!" पाठीवरची निळसर झाक तिनं ओळखली होती. लक्षात ठेवा, व्हिनेगरनं जंत मरत नाहीत. साबाही गोठवलेलाच हवा. इका म्हणजे म्हाकूल. कच्चा असताना तो रबरासारखा न लागता गोडसर आणि चिकटसर लागतो.

क्रम हलक्याकडून भारीकडे. आधी पांढरा मासा, तांबोशी किंवा तसलं काही असेल तर ते. मग म्हाकूल, मग सामन, ट्युना, मग साबा, शेवटी वाम आणि अंड्याची पोळी. आधीच मेयोनीजनं माखलेला तळलेला रोल खाल्लात तर पुढच्या पांढऱ्या माशाची चव कळणारच नाही. दोघांना पहिल्या खेपेला दोन-तीन प्लेटी निगिरी, एक रोल आणि मिसो सूप, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं सूप, पुरे. एकदम सगळं मागवू नका. सुशी वाट बघत बसत नाही. नोरी पाच मिनिटांत सर्दावते, कुरडई सर्दावते तशी. पोट भरायला माणशी दहा-बारा तुकडे लागतात, आणि तेवढ्यात आपल्याकडच्या सुरमई थाळ्या किती येतील याचा हिशोब आते बिल येईपर्यंत करत होती.

हात, काड्या, सोया, वासाबी

निगिरी हातानं खाल्लेली चालते. जपानातही खातात. त्यामुळे काड्यांची भीती नको. साशिमीला मात्र काड्या वापराव्यात, किंवा सरळ काटा मागावा. काड्या भातात उभ्या खोचू नयेत आणि एकाच्या काडीवरून दुसऱ्याच्या काडीवर घास देऊ नये. दोन्हींचा संबंध तिकडच्या अंत्यविधीशी आहे. पिंडाच्या भाताशी खेळ करू नये हे आपल्याला वेगळं समजावायला लागत नाही.

सोया सॉस वाटीत चमचाभर घ्या. माझी पहिली चूक इथली. भात दिसला की त्यावर काहीतरी ओतायचं, या सवयीनं मी मुटका भाताच्या बाजूनं वाटीत बुडवला, आणि तो तिथेच फुटला. वाटीत काळी पेज झाली, वर सामनचा काप तरंगतोय, आणि समोर शेफ नम्रपणे दुसरीकडे बघतोय. निगिरी आडवी करायची, माशाची कड तेवढी टेकवायची आणि एका घासात तोंडात टाकायची. अर्धी तोडायची नाही, ती सुटते.

वासाबी नावाच्या हिरव्या गोळ्याला पुदिन्याची चटणी समजू नका. खरी वासाबी महाग, एका जपानी झाडाच्या कांडाची खिसून केलेली. बहुतेक ठिकाणी हॉर्सरॅडिश नावाचं तिखट मूळ, मोहरी आणि हिरवा रंग यांची पेस्ट मिळते. तिखटपणा मिरचीचा नाही, फेसलेल्या मोहरीचा आहे: जीभ सोडून नाकात चढतो आणि तसाच झटकन उतरतो. तांदळाच्या दाण्याएवढी घ्या. शेफनं निगिरीत आधीच लावलेली असेल तर वेगळी नकोच. बाजूची आल्याची गुलाबी-पांढरी पानं म्हणजे गारी, गोड व्हिनेगरमधलं लोणचं. ती सुशीवर ठेवायची नाहीत. एका माशाची चव पुसून दुसऱ्याकडे जायला मध्ये खायची.

कोणी जपून, कोणी नकोच

गरोदर बाई, लहान मुलं, फार थकलेली म्हातारी माणसं, केमो किंवा तत्सम औषधं चालू असलेले यांनी कच्चं टाळावं. शिजलेलं त्यांना मोकळं. साखरेचा आजार असणाऱ्यांनी भातात साखर आहे हे धरून चालावं. गहू चालत नसेल तर साधा सोया सॉस चालणार नाही, त्यात गहू असतो.

सोबत शाकाहारी कोणी असेल, किंवा तुमचा श्रावण असेल, तर काकडीची काप्पामाकी किंवा अव्हाकाडोचा रोल सांगा. पण मिसो सूप निर्धास्तपणे देऊ नका. त्याचं पाणी बहुधा कात्सुओबुशी म्हणजे धुरी देऊन सुकवलेल्या कुप्याच्या जातीच्या माशाच्या किसाचं असतं. आपले सोडे-सुकट घालून केलेल्या आमटीला कोणी शाकाहारी म्हणेल का? इनारी नावाच्या टोफूच्या (सोयाबीनच्या पनीरच्या) पिशव्याही त्याच पाण्यात शिजवतात. विचारून घ्या.

कच्ची कालवं किंवा तिसऱ्या कुणी "आजच खाडीतून काढल्या" म्हणून देऊ केल्या तर नको म्हणा. ती खाडीचं पाणी गाळून जगतात, आणि त्या पाण्यात काय काय येतं ते आपल्याला ठाऊक आहे.

एक धोका मात्र कच्च्या-शिजलेल्या दोन्हींत सारखा. कुपा, बांगडा, साबा या जातीचा मासा पकडल्यावर थंडाव्यात राहिला नाही तर त्यात हिस्टमीन तयार होतं. ते गोठवूनही जात नाही आणि उकळूनही जात नाही. घास जिभेला मिरीसारखा चुरचुरला तर थुंकून टाका. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल होणं, डोकं दुखणं, खाज, धडधड असं काही झालं तर ते वासाबीवर ढकलू नका, डॉक्टर गाठा.

बिल आणि परतीची वाट

सर्व्हिस चार्ज बिलात लावला असेल तर तो द्यायची सक्ती नाही. काढायला सांगता येतं. जीएसटी वेगळा, तो द्यावाच लागतो. शेफनं मनापासून खाऊ घातलं असेल तर त्याच्या हातात वेगळं काही द्या. निघताना "गोचिसोसामा" म्हटलं की जेवण छान झालं, आभार, असं सगळं त्यात येतं. मणिपूरच्या शेफला जपानी ऐकून हसू आलं, पण आवडलं. साके, म्हणजे तांदळाची जपानी दारू, घेतली असेल तर गाडी दुसऱ्यानं चालवावी, आणि परवान्याशिवाय गोव्यातली बाटली हद्दीवरच्या पत्रादेवीच्या नाक्याच्या अलीकडे आणू नये.

कच्च्या सुशीचं पार्सल घेऊ नका. दुकानाच्या दारापासून घरच्या उंबऱ्यापर्यंत दोन तास, गाडीत ऊन, मध्ये बांद्याला चहा. तोवर भात कडक आणि मासा कोमट, म्हणजे नेमकं उलटं. वाम, कोळंबी, अंडं असलं काही उरलं तर बर्फाच्या डब्यात चालेल.

आतेनं काहीच बांधून घेतलं नाही, फक्त वाटीत उरलेलं आलं तेवढं मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेजेबरोबर खाल्लं, आणि त्या सुरमईची तुकडी तळायला घेतली.